सिलिकॉनचे कण: कोरावेत की लेझरने उडवावेत?

सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण कोणत्या पद्धतीने बनवावेत, हा पेच एका संशोधक विद्यार्थिनीला पडला आहे. दृश्य प्रकाशाशी अनुनाद साधणारा (म्हणजे ठरावीक रंगाचा प्रकाश जोरात विखुरणारा) सिलिकॉनचा कण साधारण 100 ते 200 नॅनोमीटर व्यासाचा असतो आणि व्यास जरा बदलला तरी रंग बदलतो. डार्कफील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर फक्त विखुरलेला प्रकाश दाखवणाऱ्या) सूक्ष्मदर्शकाखाली लहान कण निळे, तर मोठे तांबडे दिसतात. नेमक्या आकारासाठी व मांडणीसाठी इलेक्ट्रॉन-शलाका लिथोग्राफी (इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी आखणे) आणि एचिंग (नको तो भाग कोरून काढणे) निर्विवाद सरस आहे, मात्र त्याला क्लीनरूम (धूळमुक्त प्रयोगशाळा) लागते, काम कूर्मगतीने चालते आणि कण गोल न होता चकतीसारखे होतात. फेम्टोसेकंद लेझरने (अत्यंत अल्पकाळाच्या स्पंदांच्या लेझरने) उडवलेले कण छान गोल असतात (दृश्य प्रकाशातला चुंबकीय अनुनाद, म्हणजे प्रकाशाच्या चुंबकीय क्षेत्राला कणाचा जोरदार प्रतिसाद, 2012 मध्ये अशाच कणांत दाखवला गेला), पण त्यांत लहानमोठ्यांची सरमिसळ असल्याने निवडत बसावे लागते. एकेका कणाचाच अभ्यास असेल तर लेझर पुरेसा आहे. असे कण नेमके मांडून सपाट भिंग घडवायचे असेल, तर या दोहोंपैकी लिथोग्राफीच घ्यावी.