दोघांचं होमलोन एकटीच्या नावावर, कोथरूड ब्रँचचा अनुभव

चार स्टार देतेय, एक कापलाय तो इन्शुरन्सपायी, ते सांगतेच.

मी आणि नवरा वेगळे होतोय, भांडण वगैरे काही नाही, म्युच्युअल कन्सेंटने घटस्फोट. वारज्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर, लोनही. घर मी ठेवायचं ठरलं, ईएमआय तसाही माझ्याच पगारातून जायचा. मला वाटलेलं अर्ज दिला की त्याचं नाव निघेल. जुन्या बँकेत म्हणाले, असं नाव काढता येत नाही, कोर्टातून काहीही लिहून आणा, आमच्या लेखी दोघंही कर्जदार. म्हणजे उद्या माझा हप्ता चुकला तर सिबिल त्याचाही पडणार.

मग दुसऱ्या बँकेच्या कोथरूड ब्रँचला टेकओव्हरसाठी, म्हणजे लोन तिकडे हलवायला गेलो, दोघं एकाच स्कूटरवर, हसा खुशाल. तिथल्या लोनच्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, झाली का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या मग त्याआधीच बक्षीसपत्र उरका, राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपये, वर लोकल सरचार्ज वेगळा, डिक्रीनंतर तुम्ही नवरा-बायकोच नाही मग सवलत कसली, आणि नवऱ्याने हिश्श्याचे पैसे घेतले तर ते बक्षीसही उरत नाही. त्याला पैसे नकोच होते म्हणून जमलं. आमच्या वकिलांनी हे सांगितलंच नव्हतं, फी मात्र वेळेवर!

माझ्या एकटीच्या पगारावर सँक्शन बारा दिवसांत. फ्लोटिंग, म्हणजे बदलता व्याजदर असल्यामुळे जुन्या बँकेला लोन मुदतीआधी फेडल्याचा फोरक्लोजर चार्ज लावता आला नाही, पण ओरिजिनल कागद द्यायला त्यांनी रडवलं. लोन फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला 5000 रुपये, हा रिझर्व्ह बँकेचा 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम मेलमध्ये टाकला, चौथ्या दिवशी फोन आला. मग नव्या बँकेची एनओसी घेऊन हवेलीच्या सब-रजिस्ट्रारकडे अंगठे, फोटो, दोन साक्षीदार, अर्ध्या दिवसाचं काम.

आता तो एक स्टार. सह्यांच्या गठ्ठ्यात लोन इन्शुरन्सचा फॉर्म न विचारता घातलेला, सक्तीचा नाही म्हटल्यावर कुरकुरत काढला. त्यावर नॉमिनीच्या रकान्यात पेनाने आधीच लिहून ठेवलेलं, पती. हा शेजारच्याच खुर्चीत बसलेला, म्हणाला, मॅडम माझी हरकत नाही.