ब्लॅक स्टारची अंगठी: तारा धूसर झाला, आणि मोफत पॉलिश म्हणे फक्त चांदीला

खरेदीच्या वेळी "पॉलिश कायमचं मोफत" म्हणाले होते. परवा अंगठी घेऊन गेले तर म्हणे ते चांदीचं, खड्याचं नाही. बिलावर "पॉलिश मोफत" एवढंच लिहिलंय. काउंटरवर बराच वेळ वाद झाला, उपयोग शून्य. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

खडा स्टार डायॉप्साइड, म्हणजे घुमटासारखा घासलेला काळा खडा, ज्यावर उजेडात चार किरणांचा तारा दिसतो; यालाच ब्लॅक स्टार म्हणतात. घेताना दुकानातल्या ट्रेमध्ये तो "काळा नीलम" म्हणून ठेवला होता. मी लोहचुंबक नेलं होतं. सुटा खडा लगेच ओढला गेला. आत मॅग्नेटाइट या चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या लोहखनिजाच्या सुया असतात, हे त्यांचंच काम; ताराही त्यांच्यामुळेच दिसतो. शिवाय नीलमाचा तारा बहुतेक वेळा सहा किरणांचा, कारण त्यातल्या रूटाइल या खनिजाच्या सुया तीन दिशांना रचलेल्या असतात. मालकांनी मग मोबाइलवर 'स्टार ऑफ इंडिया'चा फोटो दाखवला, "हा त्याच जातीचा". तो ५६३.३५ कॅरेटचा नीलम, श्रीलंकेतला, सध्या न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत. १९६४ मध्ये चोरीला गेला होता, पुढे सापडला. त्याचा आणि या खड्याचा नावापलीकडे काही संबंध नाही. मी बिलावर "स्टार डायॉप्साइड" लिहून घेतलं आणि पैसेही त्याच भावाने दिले.

सुरुवातीला माझा सगळा राग ट्यूबलाइटवर होता. ऑफिसात छतभर ट्यूब, घरी पॅनेल लाइट. अशा पसरट उजेडात तारा उमटतच नाही, नुसता काळा घुमट दिसतो. त्याला एकाच ठिकाणाहून येणारा उजेड लागतो: ऊन, टॉर्च, साधा बल्ब. पण बसमध्ये खिडकीशी बसायला लागल्यापासून तक्रार संपली. हात जरा वळवला की तारा घुमटावरून सरकतो. नीट पाहिलं तर एक रेघ सरळ आहे, दुसरी किंचित नागमोडी, आणि दोघी काटकोनात नाहीत. आधी हा मला खड्यातला दोष वाटला होता. डायॉप्साइडचा तारा असाच असतो, आणि आता ती वाकडी रेघच मला जास्त आवडते.

खरी अडचण कठीणपणाची. मोह्स मापावर (आकडा जास्त तितका खडा कठीण) डायॉप्साइड ५.५ ते ६.५, तर रस्त्यावरच्या धुळीतली क्वार्ट्झची कणी ७. म्हणजे अंगठी ओढणीला पुसली तरी खड्यावर बारीक चरे पडतात. घुमटाच्या माथ्यावर चरे साचले की उजेड विस्कटतो आणि किरणांच्या कडा पुसट होतात. सुया आत जशाच्या तशा आहेत, खराब झालाय फक्त पृष्ठभाग. दुकानातल्या कुणी विकताना हे सांगितलं नाही. उलट परवा काउंटरवरचा मुलगा अंगठी अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी हादरवून दागिने साफ करणाऱ्या यंत्रात, टाकायला निघाला. डायॉप्साइडला दोन दिशांनी सहज फुटायची सवय असते! मी हात धरून थांबवलं.

वहिनींची कर्नाटकातल्या स्टार माणकाची अंगठी शेजारी ठेवून पाहिली. ती त्या स्वयंपाक करतानाही काढत नाहीत. रंग मळकट, तारा तसा फिका, पण कठीणपणा ९, त्यामुळे घुमट अजून आरशासारखा. रोज घालायची अंगठी हवी असेल तर थोडे पैसे साठवा आणि असं माणीक घ्या.

दुसऱ्या एका कारागिराने खडा काढून, घासून, पुन्हा बसवायचा जो आकडा सांगितला तो खड्याच्या किमतीपेक्षा जास्त आहे. अंगठीसाठी मी तो मुळीच देणार नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याऐवजी खडा एकदाच घासून पेंडंटमध्ये बसवायला दिलाय. गळ्यात तो अंगठीइतका घासला जात नाही. अंगठीची चांदी त्यातच वळती केली, त्यामुळे घासणावळ आणि मजुरी तेवढी लागली. पुसायचं झालं तर आधी पाण्याखाली धरून धूळ घालवायची, मग मऊ कापड. कोरडं कापड अजिबात नको.