मांजराच्या मधुमेहासाठी ग्लार्जिन आणि माणसांचं ग्लुकोमीटर: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

सामान एवढंच: ग्लार्जिन या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची १०० युनिट प्रति मि.ली.ची कार्ट्रिज (पेनात बसणारी छोटी नळी), सिरिंजा, माणसांचं साधं ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स. पाच किलोचा देशी बोका, दर बारा तासांनी डोस. औषधाबद्दल तक्रार नाही, मांजरांना ग्लार्जिन चांगलं लागू पडतं. मराठवाड्यात घोळ होतो तो दोन ठिकाणी, सिरिंजमध्ये आणि उन्हामुळे.

मेडिकलवर नुसतं ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटलं की बहुतेकदा लाल टोपणाची हातात पडते. ती मि.ली.ला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी असते, कारण आपल्याकडे बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन अजून ४०चंच येतं. लाल सिरिंजवरचं एक युनिट म्हणजे ०.०२५ मि.ली. तेवढ्या जागेत ग्लार्जिन भरलं तर अडीच युनिट जातात, आणि एवढ्याशा जिवाची साखर त्याने धोकादायक खाली येऊ शकते. टोपण नारंगीच हवं, ती सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनची. त्यातही १ मि.ली.ची नको, तिच्यावर बहुधा दोन-दोन युनिटांच्या रेघा असतात. ०.३ मि.ली., अर्ध्या युनिटच्या खुणा, ३१ गेजची बारीक सुई अशी मागा. तालुक्याच्या गावी ती सहसा मिळत नाही, ऑनलाइन डबाच मागवलेला बरा. एकेका युनिटने फिरणारा इन्सुलिनचा पेनही कामाचा नाही. डॉक्टरांनी अर्धा युनिट कमी करायला सांगितलं की तिथेच अडतं.

कार्ट्रिजमधून काढताना रबर स्पिरिटने पुसा, आत हवा ढकलू नका, सावकाश ओढा. अर्धा युनिट म्हणजे ०.००५ मि.ली., त्यामुळे छोटा बुडबुडाही डोस खातो. जास्तीचं परत कार्ट्रिजमध्ये सोडायचं नाही.

आता ऊन. मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४२च्या पुढे जातो आणि वापरात असलेलं ग्लार्जिन ३० अंशांच्या वर ठेवायचं नसतं. उन्हाने खराब झालेलं इन्सुलिन दिसायला स्वच्छच राहू शकतं. डोस तोच, खाणं तेच, तरी साखर चढतीच राहिली तर आधी कार्ट्रिज बदला, मग डोसचा विचार. फ्रिजमध्ये दारातल्या कप्प्यात ठेवा. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्याखाली ते गोठतं, आणि गोठलेलं फेकायचंच. लाईट गेली तर तीन-चार तास दार न उघडता निभतं. त्याहून जास्त वेळ जाणार असेल तर मोठ्या कुंडीत लहान मडकं, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, आणि आत बंद डबीत इन्सुलिन. कोरड्या एप्रिल-मेमध्ये हे फार छान चालतं. आषाढ-श्रावणात दमट हवेमुळे फारसं गार होत नाही, पण तेव्हा गरजही तेवढी नसते.

ग्लुकोमीटरचं दुखणं वेगळं. सकाळी सातला डोस दिला तर साखर सगळ्यात खाली येते ती साधारण चार ते आठ तासांनी, म्हणजे अकरा ते तीनमध्ये. नेमकं त्याच वेळी पत्र्याच्या घरात ४०च्या वर गेलं की मीटर तापमानाची खूण दाखवून बसतं. मीटर घरातल्या सगळ्यात गार खोलीत, जमिनीलगत ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर स्ट्रिपवर दव धरतं. कूलरसमोरही नको. स्ट्रिप काढली की बाटलीचं झाकण लगेच लावा.

रक्त कानाच्या कडेचं घ्यायचं, कडेने जाणारी शीर आणि काठ यांच्या मधल्या पट्टीत. कानामागे कापूस धरा. थंडीत मोज्यात कोमट तांदूळ भरून कान शेकावा लागतो, उन्हाळ्यात आपोआप गरम असतो. व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला की थेंब केसात न पसरता गोल उभा राहतो. बोटांना गूळ-साखर लागलेली नको. माणसांचं मीटर मांजरात बऱ्याचदा खरं त्यापेक्षा कमी दाखवतं, शिवाय १५ टक्के इकडे-तिकडे चालतंच. म्हणून एकच मीटर धरून राहा आणि एका आकड्यावरून डोस हलवू नका. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर चढते; घरचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलेले जास्त कामाचे.

क्रम असा: तपासणी, खाणं, मग सुई. सुरुवात सहसा एक युनिट दोनदा, पुढे डॉक्टर ठरवतील. डोस वाढवण्याआधी पाच-सात दिवस तोच ठेवावा लागतो, कारण ग्लार्जिनचा पूर्ण परिणाम दिसायला वेळ लागतो. डोसआधी साखर २००च्या खाली असेल किंवा खाल्लं नसेल तर आधी फोन करा. सुई कातडीतून आरपार जाऊन केस ओले झाले तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एक वेळ साखर जास्त राहिली तर चालेल. साखर ६०च्या खाली गेली किंवा मांजर लडखडलं, तर शुद्धीत असताना खायला द्या. खात नसेल तर ग्लुकोज पावडर ओली करून हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका. असर थोडाच वेळ टिकतो, म्हणून पुन्हा-पुन्हा तपासत थेट डॉक्टरांकडे जा.

दूध-पोळी, दूध-भाकरी बंद. पण एका दिवसात बंद करून जुनाच डोस चालू ठेवलात तर साखर कोसळेल, तेव्हा खाणं बदलायचं ते डॉक्टरांना सांगून, आकडे बघत. नुसतं उकडलेलं चिकनही पुरेसं नाही. मांजरांचं पूर्ण आहाराचं ओलं खाद्य बरं, कोरड्या दाण्यांत पिष्ट जास्त. काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंही, म्हणून आकडे खाली येऊ लागले तरी तपासणी थांबवू नका.

कातडीवर चिकटवायचा १४ दिवसांचा सेन्सर मांजरावर क्वचितच तेवढा टिकतो. डोस बसवण्याच्या काळात एखादा लावावा, कायमसाठी खर्च परवडत नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात द्या, घंटागाडीत टाकू नका.