मायक्रोआरएनए की लांब नॉनकोडिंग आरएनए?

मुंबईत जीवशास्त्रात एमएस्सी करणारी मुलं प्रकल्पाचा विषय ठरवताना या दोहोंत अडकतात. दोन्ही आरएनए स्वतः प्रथिन बनवत नाहीत, जनुकांच्या कामावर ताबा ठेवतात. मायक्रोआरएनए जेमतेम 22 न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे साखळीतल्या 22 दुव्यांचा. पहिला, लिन-4, 1993 मध्ये सूत्रकृमीत सापडला. या शोधाला 2024 चं नोबेल मिळालं. काम ठरलेलं: आर्गोनॉट प्रथिनाच्या साथीने संदेशवाहक आरएनएवर (जनुकाचा निरोप प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेकडे नेणाऱ्या रेणूवर) बसायचं आणि प्रथिननिर्मिती दाबायची. तो कोणत्या संदेशवाहक आरएनएवर बसेल, याचा अंदाज संगणकावर बांधता येतो, मग प्रयोगाने तपासायचा.

लांब आरएनए 200 न्यूक्लिओटाइडांपेक्षा मोठे, आणि खरी ओढ तिथेच लागते. त्यातलाच एक, एक्सआयएसटी, सुमारे 17,000 न्यूक्लिओटाइडांचा. मादीच्या पेशीतल्या दोनपैकी एक एक्स गुणसूत्र तो जवळजवळ अख्खं गप्प करतो. त्यातला ‘ए’ हा वारंवार येणारा भाग स्पेन नावाचं प्रथिन ओढून आणतो. तो भाग काढला, तर आरएनए गुणसूत्रावर पसरतो, पण जनुकं चालूच राहतात! मात्र अशा रेणूंची घडी लवचीक, रचना पाहण्यासाठी त्यांचं स्फटिक बनवणं फार अवघड. रासायनिक खुणा करून रचना वाचावी लागते.

दोन वर्षांच्या एमएस्सीला मी मायक्रोआरएनएच सुचवेन. पुढे कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत किंवा पवईला आयआयटीत पीएचडी करायची असेल, तर लांब आरएनए घ्या. न सुटलेले प्रश्न तिथे जास्त आहेत.