बायपास काढावा की तासांची नो एंट्री लावावी?

शेजारच्या तालुक्यातल्या आमच्या व्याह्यांचा फोन आला. त्यांच्या नगरपरिषदेत दोन तट पडलेत. एक म्हणतो बायपास पाहिजे. दुसरा म्हणतो, कशाला लोकांच्या जमिनी घेता, दिवसा जड वाहनांना नो एंट्री लावा नि मोकळे व्हा. आमच्या गावानं दोन्ही करून पाहिलंय आणि दोन्ही वेळा मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) वतीनं मी बैठकीत होतो. मी आडत्या माणूस, इंजिनिअर नव्हे, तेवढं धरून वाचा.

नो एंट्री स्वस्त नि झटपट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली अशी बंदी घालता येते, आणि ती महिन्याभरापुरती असेल तर राजपत्राचीही गरज नाही, गावात जाहीर केलं की भागतं. म्हणजे करून बघता येतं. नाही जमलं, फलक उतरवायचे. बायपासचं तसं नाही. संयुक्त मोजणी, हरकती, मावेजासाठी, म्हणजे जमिनीच्या भरपाईसाठी, कोर्ट. आमची सात वर्षं त्यात गेली. ज्याची विहीर रस्त्याच्या अलीकडं राहिली नि जमीन पलीकडं गेली, त्याचं दुखणं कुठल्याच मावेजात बसत नाही. तो शेतकरी आजही माझ्याशी धड बोलत नाही, आणि त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

एवढ्यावर निकाल द्यायचा तर नो एंट्रीच. मीही पहिल्या बैठकीत तिच्याच बाजूनं बोललो होतो.

माझं मन फिरलं ते रात्री नऊच्या वेळेनं. आमच्याकडं बंदी सकाळी आठ ते रात्री नऊ. दुपारनंतरच दोन्ही नाक्यांवर साइडपट्टीला गाड्या लागायच्या. ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून भात टाकायचा, मागचे दिवे बंद. गाळप हंगामात त्यात उसाच्या डबल ट्रॉल्या. त्यांना मागं दिवाही नाही नि रिफ्लेक्टरही नाही. अंधारात मोटारसायकलवाल्याला ती रांग दिसायची ती अगदी जवळ गेल्यावर. आणि नऊला बॅरिकेड बाजूला सरकलं की मांजरा धरणाचं दार उचलल्यासारखा लोंढा गावात शिरायचा. पुढच्याला मागचा हॉर्न मारतोय, मागच्याला त्याच्या मागचा, कारण दिवसभराचा खोळंबा प्रत्येकाला रात्रीतून भरून काढायचाय.

नेमकी नऊलाच ट्यूशन सुटते. माझी नात तेव्हा दहावीला होती. मी रोज चौकात जाऊन उभा राहायचो. तिला घरी आणायला नाही, सायकल तिचीच होती. फक्त रस्ता ओलांडून द्यायला. एकदा एका ट्रकचा आरसा माझ्या टोपीला लागून गेला. टोपी गटारात, मी काठावर. पुढच्या बैठकीत आम्ही वेळ दहा केली. रांग तासाभरानं वाढली, बाकी काही नाही. तेव्हा कळलं की बंदीनं एकही ट्रक कमी होत नाही, सगळे साठवून एकदम सोडले जातात.

शिवाय सवलती. आधी दूध, गॅस नि रेशनचं धान्य, मग सिमेंट, मग खडी. वर्षभरात पास असलेल्या गाड्या जास्त नि अडवलेल्या कमी.

आता बायपासकडं वळण्याआधी तुमच्या गावातले ट्रक कुठले, ते हुंडेकऱ्यांना (ट्रकला माल लावून देणाऱ्या दलालांना) विचारा. चौकात चार दिवस बसलात तरी अंदाज येतो. आमच्याकडं भंगार घेऊन जालन्याला चाललेल्या नि तिथून सळई घेऊन परतणाऱ्या गाड्याच पुष्कळ. माझ्या नजरेनं दहातल्या सहा-सात गाड्यांचं गावाशी नातं चहापुरतं. म्हणून बायपास उघडला त्या आठवड्यातच चौकातलं बोलणं ऐकू यायला लागलं. (चहावाल्याचा धंदा मात्र बसला. आता तो बायपासवर आहे.) पण तुमच्याकडं बहुतेक गाड्या तूर-सोयाबीन भरायला मोंढ्यातच येत असतील, तर बायपास मोकळा राहील नि चौक तसाच तुंबेल. मग आधी मोंढा बाहेर न्यायचं बघा.

आणि बायपास म्हातारा फार लवकर होतो. संभाजीनगरचा बीड बायपास बघून या. शहराबाहेरचा म्हणून काढलेला रस्ता, आज तिथल्याच सातारा-देवळाई या उपनगरांची वस्ती त्याला खेटून आहे. सोलापूर-धुळे महामार्गासाठी शेवटी त्याच साताऱ्याच्या डोंगरामागून दुसरा बायपास काढावा लागला. शहराबाहेरच्या राष्ट्रीय महामार्गाला मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा (तिच्या आत बांधकाम नाही) नि 75 मीटरवर नियंत्रण रेषा (तिथपर्यंत बांधकामावर निर्बंध) असते. प्लॉटिंगवाले नकाशावर त्या दाखवतात, जागेवर विसरतात. ज्याला त्याला दुकानाचं तोंड थेट रस्त्यावर पाहिजे. अशी पन्नास तोंडं उघडली की तुमच्या गावाला दुसरा चौक मिळाला म्हणायचं.

एवढं असूनही, मला विचाराल तर बायपास. व्याह्यांनाही हेच सांगितलं, फक्त दुकानांची तोंडं थेट बायपासवर उघडू नयेत म्हणून आराखड्यात सर्व्हिस रोड पहिल्या दिवसापासून मागा, नंतर देतो म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

एक गोष्ट लपवत नाही. बायपासला लागून मीही अर्धा एकर घेऊन गोदाम बांधलंय. मुलाचं म्हणणं होतं, फाटक समोरूनच ठेवू, ट्रकला वळण सोपं जातं. दोन महिने घरात त्यावरून कुरबूर चालली. शेवटी फाटक मागच्या शिवरस्त्यावर ठेवलं. पावसाळ्यात तिथं गाडी रुतते, आणि दर वेळी मुलगा माझ्याकडं बघतो.