पाहुण्यांसाठी कॉम्प्युटरवर काय ठेवावे: ब्राउझरची गेस्ट विंडो, साधे खाते की खरे गेस्ट खाते?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सोबत भाचरे येतात. जळगाव-धुळ्याच्या उन्हात दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे सगळ्यांचा मुक्काम कूलरच्या खोलीत असतो, आणि बऱ्याच घरांत कॉम्प्युटरही तिथेच असतो. मग "मामा, कॉम्प्युटर चालू करी दे ना" सुरू होते. श्रावणात कानबाईच्या उत्सवाला सुरत-मुंबईकडची भाऊबंदकी येते, त्यांना परतीचे तिकीट पाहायचे असते. बारावीच्या निकालानंतर शेजारची मुले प्रवेशाचा अर्ज भरायला येतात. यांतल्या कोणालाही नाही म्हणू नये, असेच मला वाटते. पण त्याच मशीनवर सातबारे, केळीच्या विम्याची कागदपत्रे, लग्नाचे फोटो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असतात. म्हणून पाहुणा येण्याआधी त्याची जागा ठरवून ठेवावी.

सर्वांत झटपट पर्याय म्हणजे क्रोमची गेस्ट विंडो. वर कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक केले की तिथेच 'गेस्ट' दिसते. त्यात तुमचे बुकमार्क, हिस्टरी, साठवलेले पासवर्ड काहीच दिसत नाही, आणि विंडो बंद केली की पाहुण्याचे लॉगिनही पुसले जाते. निकाल पाहणे, तिकिटाची स्थिती पाहणे, एखादा मेल उघडणे एवढ्यासाठी हे पुरेसे आहे. पण यात फक्त ब्राउझर वेगळा होतो. डेस्कटॉप तुमचाच असतो, फोल्डर उघडे असतात, आणि पाहुण्याने उतरवलेली फाइल तुमच्या डाउनलोड्समध्येच राहते. तुम्ही शेजारी बसलेले असाल तरच हा मार्ग धरा.

तासन्‌तास मशीन कोणाच्या तरी हाती राहणार असेल तर विंडोजमध्ये वेगळे खाते हवे. विंडोज ७ मधले तयार गेस्ट खाते एका बटणावर चालू व्हायचे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० पासून ती सोय गेली, ११ मध्येही नाही. आता सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर युजर्स असे जाऊन नवे खाते जोडायचे, ईमेल विचारला की साइन-इनची माहिती नाही असे सांगायचे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याशिवायचा पर्याय निवडायचा. नाव 'गेस्ट' चालत नाही, ते विंडोजने स्वतःकडे राखून ठेवले आहे. 'पाहुणे' द्या. हे खाते आपोआप स्टँडर्ड प्रकारचे होते: सेटिंगमध्ये मोठा बदल करायचा किंवा सगळ्यांसाठी सॉफ्टवेअर टाकायचे तर अ‍ॅडमिनचा (मशीनच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड मागितला जातो. तुमचे डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप त्याला उघडत नाहीत.

पण तुमच्या स्वतःच्या अ‍ॅडमिन खात्याला पासवर्डच नसेल तर यातले काहीही उपयोगाचे नाही. पाहुणा लॉगिनच्या पडद्यावर तुमच्या नावावर क्लिक करून आत जाईल. म्हणून त्या खात्याला पासवर्ड लावणे हे पहिले काम.

दुसरी उघडी राहणारी जागा म्हणजे डी ड्राइव्ह, आणि इथे मी जरा थांबतो, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. आपल्याकडे असेंबल केलेल्या मशीनमध्ये सी आणि डी असे भाग पाडून देतात, आणि विंडोज पुन्हा टाकावे लागले तरी सुरक्षित राहावे म्हणून फोटो-कागद सगळे डी मध्ये ठेवायची पद्धत पडली आहे. विंडोज मात्र फक्त सी वरचे तुमचे फोल्डर इतरांपासून झाकते. डी वर लॉगिन केलेल्या कोणालाही फाइल उघडता, बदलता आणि पुसताही येते, मग ते खाते स्टँडर्ड असले तरी. म्हणून अ‍ॅडमिन खात्यातून डी वर उजवे क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, तिथे 'पाहुणे' हे नाव जोडून फुल कंट्रोलसमोर डिनायची खूण करा. फायली खूप असतील तर थोडा वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. सिक्युरिटीचा टॅबच दिसला नाही, तर तो भाग एफएटी पद्धतीचा, म्हणजे अशा परवानग्या न पाळणारा आहे. पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्कचे बहुधा असेच असते. त्या काढून कपाटात ठेवा.

साध्या खात्याची एक उणीव उरते: एकाने आधार कार्डाची पीडीएफ उतरवली, ती पुढच्याला दिसते. घरी अर्ज भरायला चार घरची मुले येत असतील तर ही गोष्ट हलकी घेऊ नये. त्यावर उपाय आहे. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडो) अ‍ॅडमिन म्हणून उघडून 'नेट लोकलग्रुप' (net localgroup) या आज्ञेने ते खाते युजर्स गटातून काढायचे आणि गेस्ट्स गटात घालायचे. विंडोजच्या होम आवृत्तीतही हे चालते. त्यानंतर साइन आउट केले की त्या खात्यातले सगळे पुसले जाते. नुसता पडदा लॉक केला तर पुसले जात नाही, हे पाहुण्याला सांगून ठेवा. डी ची परवानगी इथेही वेगळी बंद करावीच लागते.

याची किंमतही आहे. दर वेळी खाते नव्याने उभे राहते, म्हणून जुन्या मशीनवर सुरुवातीला बराच वेळ जातो. मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर तोही दर वेळी जातो. काकांना ग्रामपंचायतीला मराठीत अर्ज टाइप करायचा असेल, तर त्यांच्यासाठी साधे स्टँडर्ड खातेच बरे. त्यात कीबोर्ड एकदा लावला की राहतो.

मुलांच्या वापरावर मर्यादा घालणारे मायक्रोसॉफ्टचे फॅमिली सेफ्टी पाहुण्यांसाठी नाही. त्यात मुलाचे स्वतःचे मायक्रोसॉफ्ट खाते लागते, आणि वेबसाइटची गाळणी फक्त एज ब्राउझरमध्ये चालते. रोजची वेळ ठरवून द्यायची सोय चांगली आहे, पण ती घरच्या लेकरांसाठी. भाच्यांचे नियम त्यांच्या आईवडिलांनी ठरवावेत.

मॅक असेल तर गेस्ट युजर तयारच मिळतो आणि लॉग आउट होताच सगळे पुसतो. फाइलव्हॉल्ट (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी मॅकची सोय) चालू असेल तर मात्र पाहुण्याला फक्त सफारी मिळते. लिनक्स मिंट या विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशनची परवानगी देता येते, तेही काम झाल्यावर स्वतःला पुसते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या जुन्या मशीनवर ११ चढत नाही, तिथे मिंटचा विचार जरूर करा.

माझी निवड सांगायची तर घरच्या पाहुण्यांसाठी स्टँडर्ड खाते आणि बंद केलेला डी. बाहेरची मुले कागदपत्रे घेऊन येत असतील तर गेस्ट्स गटातले दुसरे खाते. दोन्ही एकाच मशीनवर राहू शकतात. खाते केल्यावर स्वतः त्यात शिरून डी उघडून पाहा, एक पान प्रिंट काढा, वायफाय लागते का बघा. परवानगी नाकारल्याचा निरोप समोर आला की मगच भाच्याला खुर्ची द्या.