कंबर ओढणारं मशीन, फिजिओ की ऑपरेशन? पॅकेजचे पैसे भरण्याआधी

गेल्या रविवारी नेरूळहून भाऊजींचा फोन आला. "वहिनी, तुम्ही त्या मशीनवर झोपला होतात ना? माझ्यापुढे वीस सिटिंगचं पॅकेज ठेवलंय. म्हणतात, ऑपरेशन टाळायचं असेल तर हाच उपाय. भरू का पैसे?"

भाऊजी तुर्भ्याला एपीएमसी मार्केटात हिशेबाचं काम करतात, रोज नेरूळहून दुचाकीने जातात. पाच आठवड्यांपासून कंबरेतून निघालेली कळ उजव्या पोटरीपर्यंत उतरते. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आलेली दिसली आहे. तीन वर्षांपूर्वी माझी कहाणी जवळजवळ हीच होती, फक्त पाय डावा होता आणि रोजचा प्रवास ठाणे-वाशी लोकलचा. म्हणून त्यांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. ठाणे-नवी मुंबईत हा प्रश्न आज पुष्कळ घरांत आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. मशीनवाले तुलना ऑपरेशनशी करतात. त्यांच्या माहितीपत्रकात एका बाजूला सुरी आणि टाके, दुसऱ्या बाजूला आरामात पहुडलेला माणूस. पण ही जोडीच चुकीची लावलेली आहे. गादी सरकून पायात कळ येणाऱ्या बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही. सहा ते बारा आठवड्यांत त्यांचं दुखणं आपोआप बरंच उतरतं, आणि बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषूनही घेतं. वीस सिटिंगचं पॅकेज चालतं चार ते सहा आठवडे. म्हणजे ज्या काळात दुखणं तसंही उतरणार असतं, नेमका तोच काळ. म्हणून मशीनची खरी तुलना व्हायला हवी ती "फिजिओ, चालणं आणि थोडा धीर" यांच्याशी. ऑपरेशनचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे नंतर येते.

मशीन नेमकं काय करतं

टेबलाचा खालचा अर्धा भाग मागेपुढे सरकतो. एक पट्टा बरगड्यांखाली, दुसरा कंबरेच्या हाडांवर आवळतात. मग मोटर हळूहळू ओढ वाढवते, थोडा वेळ धरते, सैल सोडते, पुन्हा ओढते. अर्धा तास हेच चालतं. हातात एक बटण देतात, त्रास झाला तर दाबायचं. मला तिथे दुखलं नाही, उलट बरं वाटायचं. कुणीतरी दोन्ही हातांनी कंबर धरून अलगद खाली ओढतंय असं वाटायचं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला डोळा लागायचा.

कल्पना अशी की मणके ताणले की मधल्या गादीवरचा दाब कमी होतो, बाहेर आलेला भाग आत ओढला जातो आणि नस मोकळी होते. आपल्याकडे कुणाचीही कंबर धरली की "मणक्यात गॅप आलाय" म्हणतात. खरं तर गादी झिजते तेव्हा दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं. त्यामुळे "मशीनने गॅप भरून निघतो" हे वाक्य ऐकताना आपण गोंधळतो आणि मान डोलावतो. मीही डोलावली होती.

दाब कमी होतो हे मात्र खोटं नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत अशाच एका टेबलावर झोपलेल्या रुग्णांच्या गादीतला दाब मोजला गेला होता आणि तो उणे १०० मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली गेलेला आढळला. पण ते रुग्ण अगदी मोजके होते, आणि टेबलावर दाब उतरला म्हणजे उठून चालू लागल्यावर दुखणं गेलं असं नव्हे. टेबलावरून उतरलं की अंगाचं वजन पुन्हा त्याच गादीवर येतं.

आणखी एक. "एफडीएची मान्यता" हे शब्द माहितीपत्रकात ठळक असतात. औषधांना आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणारी अमेरिकेतली ती सरकारी संस्था ही यंत्रं ट्रॅक्शनच्या, म्हणजे ओढ देण्याच्या, उपकरणांच्याच वर्गात धरते. आधीपासून बाजारात असलेल्या यंत्राशी साम्य आहे हे पाहून विक्रीची परवानगी मिळते. कंबर बरी होते हे त्यातून सिद्ध होत नाही. तिथली ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजनाही असल्या टेबलावरच्या उपचाराचे पैसे देत नाही.

ट्रॅक्शन म्हणजे आपल्या माहितीचंच, वॉर्डात पायाला किंवा कमरेला वजन लावून झोपवतात ते. २०१३ मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने ट्रॅक्शनवरच्या ३२ चाचण्या, एकूण २,७६२ रुग्ण, एकत्र तपासले. दुखणं, हालचाल, कामावर परत जाणं, कशातच फारसा फरक सापडला नाही. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना कंबरदुखीला, सायटिका (नस दाबून पायात उतरणारी कळ) असो वा नसो, ट्रॅक्शन देऊ नका असं स्पष्ट सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ट्रॅक्शनची शिफारस केली नाही, आणि कंबरेचा पट्टा व अल्ट्रासाऊंडचा शेकही त्याच यादीत टाकला. नवं मशीन संगणकावर चालतं, ओढ जास्त हुशारीने देतं, हे मान्य. पण त्यासाठी जास्त पैसे मोजावेत इतका भक्कम पुरावा मला सापडला नाही.

माझी सहा सिटिंग

कापूरबावडीजवळच्या एका सेंटरमध्ये मी वीस सिटिंगचे पैसे एकरकमी भरले. तिथे एमआरआय उजेडासमोर धरून बाहेर आलेली गादी दाखवली आणि "आजच सुरू करा" म्हणाले. माझ्या पायाला कुणी हात लावला नाही.

सिटिंग झालं की हलकं वाटायचं. मग घोडबंदर रोडवर रिक्षा. मेट्रोच्या कामाने चाळण झालेला रस्ता, प्रत्येक खड्ड्याला कंबरेत टाचणी. मानपाड्याला उतरेपर्यंत पोटरीतली कळ जागेवर परत. हिशेब करा: वीस सिटिंग म्हणजे चाळीस रिक्षाफेऱ्या. सरकलेल्या गादीला वाकून बसणं आणि धक्के हेच सोसत नाही, आणि मी तेच रोज तासभर करत होते.

सहाव्या सिटिंगनंतर शेजारच्या काकूंनी वर्तकनगरच्या एका फिजिओकडे नेलं. तिने एमआरआयची पिशवी बाजूला ठेवली. "टाचांवर चाला. आता चवड्यांवर. पायाचा अंगठा वर उचला, मी खाली दाबते, सोडू नका." मग पाय सरळ ठेवून वर उचलला आणि कळ कुठे सुरू होते ते पाहिलं. लघवीला, संडासला काही त्रास? मांड्यांच्या आतल्या भागाला बधिरपणा? हे प्रश्न तिने पहिल्यांदा विचारले. तोवर दोन महिन्यांत कुणी विचारले नव्हते.

मग पालथं झोपवून, भुजंगासनासारखं, फक्त हातांच्या जोरावर छाती उचलायला लावली. दहादा. सातव्या-आठव्या वेळी पोटरी मोकळी वाटली, पण कंबरेत मात्र जास्त दुखलं. मी घाबरले. ती म्हणाली, "हेच हवंय. दुखणं पायातून वर सरकतंय, ही चांगली खूण आहे." न्यूझीलंडचे फिजिओ रॉबिन मॅकेन्झी यांची ही पद्धत जगभर वापरतात. सगळ्यांना ती चालत नाही. नसांची वाट अरुंद झालेल्या, चालताना पाय भरून येणाऱ्या आणि बसलं की बरं वाटणाऱ्या वयस्कर माणसांना मागे वाकून उलट त्रास होतो. म्हणूनच आधी तपासणारा माणूस लागतो, यूट्यूब पुरत नाही.

माझं दुखणं दीड महिन्यात गेलं. व्यायामाने गेलं की काळाने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण व्यायाम आजही माझ्याजवळ आहे, फुकट, घरच्या चटईवर. उरलेल्या चौदा सिटिंगचे पैसे मात्र परत मिळाले नाहीत.

आणि चालणं. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ लोकांवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसांना फिजिओच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू चालणं वाढवायला लावलं. असं मार्गदर्शन न मिळालेल्या गटात निम्म्या लोकांचं दुखणं ११२ दिवसांत परतलं, चालणाऱ्या गटात त्याला २०८ दिवस लागले. मी तलावपाळीला चालते. भाऊजींना ज्वेल ऑफ नवी मुंबई हे उद्यान घरापासून दहा मिनिटांवर आहे.

इंजेक्शन आणि ऑपरेशन

मणक्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन पायातली कळ थोडी आणि थोड्याच काळासाठी कमी करतं. रात्र-रात्र झोप नसेल तर त्या काळात व्यायाम सुरू करायला उपयोगी पडू शकतं. एवढंच.

ऑपरेशनबद्दल लोक दोन टोकं गाठतात. "मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो" हे एक टोक, "एकदाचं करून टाका" हे दुसरं. नेदरलँड्समधल्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. सगळ्यांना सायटिकाचा जोरदार त्रास होता. अर्ध्यांना लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना आधी थांबून बघणं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला. पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. म्हणजे ऑपरेशनने मुख्यतः वेळ वाचतो, आणि तेही पायातल्या कळीसाठी. नुसत्या कंबरदुखीला गादीचं ऑपरेशन सहसा कामाचं नाही.

पण काही वेळा मशीन नाही, फिजिओ नाही, थेट हॉस्पिटल. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, जांघांमध्ये आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेना आणि चप्पल घासू लागली, तर त्याच दिवशी. रात्री असेल तर रात्रीच. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतही न थांबणारी कंबरदुखी असेल तर डॉक्टरांना मणक्याच्या क्षयरोगाबद्दल विचारा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही, आणि अशा मणक्याला मशीनने ओढणं धोक्याचं. गरोदरपणात, हाडं ठिसूळ झाली असतील, फ्रॅक्चर असेल, मणक्यात स्क्रू-सळ्या असतील, पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगलेली असेल, तर त्या टेबलावर झोपूच नका.

एमआरआयबद्दलही सांगते, कारण भाऊजी त्यानेच सगळ्यात जास्त धास्तावलेत. कसलाही त्रास नसलेल्या माणसांचे स्कॅन एकत्र केलेला एक आढावा २०१५ मध्ये आला. विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. दुखणं नाही, तरी गादी फुगलेली. त्यामुळे रिपोर्टातल्या दोन ओळी वाचून कुणी पॅकेज पुढे करत असेल, तर त्याने अजून तुम्हाला तपासलेलंच नाही.

मग मशीन कधीच नको?

असं मी म्हणणार नाही. सेंटर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असेल, सिटिंगचे पैसे एकेक करून घेत असतील, आधी कुणी पाय नीट तपासला असेल, हाडं धड असतील आणि सोबत व्यायाम चालू असेल, तर चार-पाच सिटिंग घेऊन बघायला हरकत नाही. तेवढ्यात पोटरीतली कळ वर सरकली नाही तर थांबा. पॅकेज एकरकमी मागतात तिथे मात्र विचारा: मधे सोडलं तर पैसे परत मिळतात का, आणि हे कागदावर लिहून द्याल का? शिवाय विमा कंपनीला आधीच फोन करा. ॲडमिट न होता घेतलेले उपचार बहुतेक साध्या पॉलिसींत बसत नाहीत.

ऑपरेशनचा सल्ला मिळालाच तर दुसऱ्या सर्जनचंही मत घ्या, आणि "पाऊल कमजोर आहे का?" हा प्रश्न दोघांनाही विचारा. पाऊल धड असेल तर बहुतेकदा थांबायला वेळ असतो.

भाऊजींना फोनवरच टाचांवर चालायला लावलं. जाऊबाईंनी बघून सांगितलं, दोन्ही पाय सारखे उचलतात. लघवीचा त्रास नाही, बधिरपणा नाही. पाच आठवडे झालेत, म्हणजे अजून थांबायला जागा आहे. पॅकेजचे पैसे त्यांनी भरलेले नाहीत. नेरूळमधल्याच, घराजवळच्या एका फिजिओची शुक्रवारची वेळ घेतली आहे. तोवर दुचाकी बंद आणि तुर्भ्याला लोकलने, शक्य तितकं उभं राहून. एमआरआयची फाईल न्या, पण आधी अंगठा तपासून घ्या, एवढं मी दोनदा सांगितलंय.